दावा किती रुपयांचा ठोकायचा?

(वस्तीतल्या तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं हे भाषण. बोलण्यातली भाषा होती तशीच ठेवली आहे.)

मित्रांनो, भावांनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या माझ्या आयाबायांनो,

मघाशी चहाच्या वेळी एक पोरगं माझ्याजवळ आलं. मंडपाचं काम करतं. हळू आवाजात विचारतंय, "दादा, छोट्या कोर्टात जास्तीत जास्त किती रुपयांचा दावा ठोकता येतो?" मी विचारलं, तुझे किती अडकलेत? म्हणालं, अकरा हजार. मी सांगितलं, मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात दहा हजारांपर्यंत. पोरगं थोडं गप्प राहिलं. मग म्हणालं, "म्हंजे मी एक हजार रुपयांनी मेलो?"

आज मी समाजरचनेवर बोलणार होतो. तसं कबूलही केलं होतं. पण ह्या पोरानं माझं भाषण बदलून टाकलं. त्याच्या एका वाक्यात सगळी समाजरचना येऊन बसलीय. तर आज ह्या आकड्यावरच बोलू. दहा हजार. हा आकडा कुठून आला, कुणासाठी आला, आणि आपण त्याचं काय करायचं.

आधी एक कबुली देऊ. आपल्याला कोर्ट म्हटलं की काय आठवतं? पोलिसांची गाडी, हातातली बेडी, जामीन, आणि कोर्टाच्या बाहेर पदराखाली डबा घेऊन बसलेली आई. म्हंजे फौजदारी. फौजदारीत आपली नावं भरपूर आहेत, कधी आरोपी म्हणून, कधी मार खाल्लेला फिर्यादी म्हणून. पण दिवाणी कोर्ट? तिथं माणूस स्वतःच्या पायानं जातो आणि म्हणतो, ह्या माणसाकडून माझं येणं आहे, मला वसूल करून द्या. त्याला म्हणतात वादी. तुमच्या सात पिढ्यांत कुणी वादी झालंय का? हात वर करा. बघा. एकही हात नाही.

आपल्या इतिहासातला सगळ्यात मोठा दिवाणी दावा कोणता, सांगा. महाडचा. १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी प्यालो म्हणून डोकी फोडली ती आपली. आणि डिसेंबरात दावा लावला तो त्यांनी, बाबासाहेबांवर आणि त्यांच्या सोबत्यांवर. तळं खाजगी मालमत्ता आहे म्हणून. १४ डिसेंबर १९२७ ला त्यांनी तात्पुरता मनाई हुकूमसुद्धा मिळवला. निकाल लागत लागत हायकोर्टात १७ मार्च १९३७ उजाडला, तेव्हा ते हरले. दहा वर्षं. ह्या दाव्यात वादी कोण? सनातनी. प्रतिवादी कोण? बाबासाहेब. ध्यानात घ्या, दिवाणी कायद्याची ताकद त्या लोकांना आधीपासून कळलेली होती. आपल्याला पाणी द्यायचं नाही, तर काठीही वापरायची आणि कोर्टाचा कागदही वापरायचा. आपण काठीला उत्तर द्यायला शिकलो. कागदाला उत्तर द्यायला बाबासाहेब होते. त्यांच्यानंतर आपण तो कागद वकिलांच्या टेबलावर ठेवून दिला.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो.

माझा बाप पेंटर. कॅनव्हासवरचा नव्हे, भिंतीवरचा. खटाव तालुक्यातून आला, आधी हमाली केली, मग ब्रश धरला. २०१२ च्या दिवाळीच्या तोंडावर एका दुकानदारानं त्याला दुकान आणि वरचं गोदाम रंगवायला दिलं. मालासकट बावीस हजार ठरले. पुट्टी, घासपेपर, डिस्टेंपर, ऑइलपेंट, सगळं बापानं आणायचं. आठ हजार उचल मिळाली. राहिलेला माल बापानं रंगवाल्याच्या दुकानातून उधार आणला. एक पोरगा हाताखाली घेऊन अठरा दिवस घोडीवर उभा राहिला. दिवाळीच्या आदल्या रात्री काम संपलं. दुकानदार म्हणाला, "काम झकास झालंय. दिवाळीनंतर ये."

दिवाळीनंतर गेला. "पाडव्याला ये." पाडव्याला गेला. "रंगाचे पोपडे निघालेत, ते आधी बघ." बाप घासपेपर घेऊन पोपडे बघायला गेला, तर पोपडे कुठंच नाहीत. मग एकदा चारचौघांत म्हणाला, "तुम्हा लोकांना फुकटचं खायची सवय लागलीय, कामाचे पैसे काय मागतोस?" तुम्हा लोकांना. हे शब्द ऐकायचे असतील तर आपलं येणं मागायला जायचं. बाप खालमानेनं घरी आला, हातपाय धुतले आणि जेवायला बसला. आईनं विचारलं तर म्हणाला, "मिळत्याल."

एक गोष्ट मात्र बापानं केली होती. काम चालू असताना दुकानदाराकडून त्याच्याच बिलबुकाच्या पाठीमागं लिहून घेतलं होतं. ठरले बावीस, दिले आठ, बाकी चौदा. खाली तारीख आणि सही. ती चिठ्ठी रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून होती. बापाला लिहिता येत नव्हतं. ज्याला लिहिता येत नाही तो माणूस लिहून घेतो, आणि आम्ही शिकलेली पोरं तोंडी भरवशावर कामं करतो. हे पहिलं ध्यानात ठेवा.

मी तेव्हा नाईट कॉलेजात होतो. २०१५ साली मला एका जाणत्या कार्यकर्त्यानं सांगितलं, बाबा, पैशाच्या दाव्याला मुदत असते. काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षं. १९६३ चा मुदतीचा कायदा आहे. नोव्हेंबर आला की तुझ्या बापाची चिठ्ठी रद्दी झाली समज. मी घरी धावतच आलो. तीन वर्षं "उद्या ये, परवा ये" का चाललं होतं, ते तेव्हा कळलं. त्या दुकानदाराला कॅलेंडर वाचता येत होतं.

आता कायदा समजून घेऊ. कंटाळा करू नका. हा कंटाळाच त्यांचं भांडवल आहे.

मुंबईत धोबी तलावाला लघुवाद न्यायालय आहे. बोलीत स्मॉल कॉज कोर्ट. वांद्र्यालाही त्याची शाखा आहे. छोट्या येण्यासाठी वेगळं कोर्ट असावं, लवकर ऐकून लवकर मोकळं करावं, ही इंग्रजांची कल्पना. १८५० साली कलकत्ता, मद्रास, मुंबई ह्या तीन शहरांसाठी कायदा झाला, तेव्हा हद्द होती पाचशे रुपये. १८८२ साली नवा कायदा आला, हद्द झाली दोन हजार. तोच १८८२ चा कायदा आजही चालू आहे, आणि आज मुंबईत पैशाच्या दाव्याची हद्द आहे दहा हजार.

आता हिशेब करा. १८८२ साली ह्या शहरात गिरणीतल्या साध्या हाताला महिन्याला दहा-पंधरा रुपयांच्या आसपास पडत होते. म्हंजे दोन हजार म्हटल्यावर त्या माणसाची दहा वर्षांहून जास्त मजुरी झाली. इंग्रज सांगत होता, दहा वर्षांची मजुरी हीसुद्धा छोटी बाब आहे, ह्या कोर्टात या. अर्थात इंग्रजाच्या डोळ्यासमोर गिरणी कामगार नव्हता, व्यापारी होता. पण आकडा तरी माणसाच्या आयुष्याएवढा होता. आज दहा हजार म्हंजे काय? सिक्युरिटीवर बारा-बारा तास उभं राहणाऱ्या आपल्या पोराचा एक महिन्याचा पगारसुद्धा पुरता बसत नाही त्यात. कुठं दहा वर्षं आणि कुठं एक महिना! आकडा पाचपट झाला आणि कोर्टाचं दार उंदराच्या बिळाएवढं झालं.

१८८४ साली ह्याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी गिरणी कामगार गोळा केले. मागण्या काय होत्या? आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, आणि एक मागणी अशी की महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हातात पडावा. दोन वर्षांपूर्वीच तर दोन हजारांच्या दाव्याचा कायदा झालेला. कायद्याच्या पुस्तकात दावा होता आणि माणूस पगारासाठी अर्जावर अंगठे उठवत होता. कायदा असणं आणि कायदा हातात असणं ह्यात हे एवढं अंतर आहे.

बाहेरच्या देशांत बघा. इंग्लंडमध्ये छोट्या दाव्यांची हद्द २०१३ पासून दहा हजार आहे. पण दहा हजार पौंड! न्यूयॉर्क शहरात दहा हजार आहे, दहा हजार डॉलर. आपल्याकडेही दहा हजारच, पण रुपये. शून्यं सारखी, माणसाची किंमत निराळी. आणि तिथली छोटी कोर्टं मुळात अशी बांधलेली आहेत, की साध्या माणसानं वकील न लावता उभं राहावं आणि आपलं म्हणणं मांडावं.

आता सगळ्यात मजेची गोष्ट ऐका. तुम्ही म्हणाल, छोटं कोर्ट आहे, छोट्याच गोष्टी ऐकणार. तसं नाही. घरमालक आणि भाडेकरू ह्यांचा तंटा असेल तर ह्याच कोर्टाला रकमेची हद्द नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं जागा रिकामी करून घेण्याचा आणि भाड्याचा दावा इथंच चालतो, जागा पाच लाखांची असो की पाच कोटींची. लीव्ह अँड लायसन्सवाल्याला बाहेर काढायचं असलं तरी इथंच, आणि तिथंही जागेच्या किमतीला मर्यादा नाही. म्हंजे मालकाला माणूस घराबाहेर काढायचा असेल तर हे कोर्ट आभाळाएवढं मोठं. आणि त्याच घराच्या भिंती रंगवणाऱ्याला त्याचे पैसे मागायचे असतील तर हे कोर्ट दहा हजारांचं. एकच इमारत, एकच जिना, दोन मापं. भाडेकरूही इथं दाद मागतो, त्याला इथं संरक्षण मिळतं, ते मी नाकारत नाही. पण छताचा तंटा मोठा आणि घामाचा तंटा छोटा, हे कुणी ठरवलं?

आणि दहा हजार एक रुपया झाला तर? तर तुम्ही पोचता मुंबईच्या सिटी सिव्हिल कोर्टात. त्या कोर्टाची वरची हद्द माझ्या बापाच्या वेळी एक कोटी होती. २०२४ च्या जानेवारीपासून ती दहा कोटी झाली. म्हंजे श्रीमंतांच्या दाव्यांसाठी हद्द वाढवायची सुचते. २०१२ साली एक कोटी केली, बारा वर्षांत दसपट केली. खालची दहा हजाराची पायरी मात्र तिथंच आहे. आता आपल्या मंडपवाल्या पोराचा अकरा हजारांचा दावा आणि बिल्डराचा साडेनऊ कोटींचा दावा, दोन्ही एकाच कोर्टात. पोरगं कोपऱ्यात चप्पल काढून उभं राहणार आणि बिल्डराच्या मागं तीन वकील फायली घेऊन बसणार. ह्याला म्हणतात कायद्यापुढं समानता.

मुंबईबाहेरच्या साथींसाठी सांगतो. तालुक्याच्या ठिकाणी पैशाचा दावा कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाकडं लागतो. तिथं ही दहा हजारांची भानगड नाही. ही मुंबईची खास देणगी आहे.

आता परत बापाकडं येतो. येणं चौदा हजार. हद्द दहा हजार. वाटा दोनच. एक, सिटी सिव्हिल कोर्टात पूर्ण चौदा मागायचे. दुसरी, चार हजार सोडून द्यायचे आणि स्मॉल कॉजमध्ये दहा मागायचे. कायदा तशी मुभा देतो. आपल्या दाव्यातला काही भाग सोडून रक्कम हद्दीत बसवता येते. पण सोडला तो सोडला. पुन्हा त्या चार हजारांसाठी दुसरा दावा लावता येत नाही. आणि एका कामाच्या पैशाचे दोन तुकडे करून सात-सात हजारांचे दोन दावेही चालत नाहीत. ही अक्कल आपल्याआधी बऱ्याच जणांनी चालवून झालेली आहे.

रात्री मी बापाला समजावत बसलो. तो विडी ओढत ऐकत होता.

म्हणाला, "म्हंजी चार हजार कोर्टानं त्येला माफ केलं?"

मी म्हटलं, "कोर्टानं नाही आबा. आपण सोडायचे."

"म्या न्हाय सोडत."

"मग मोठ्या कोर्टात जावं लागेल. तिथं मोठमोठे दावे. आपला नंबर कधी लागेल सांगता येत नाही."

"आरं पर काम तर म्या चौदाचं केलंया. अठरा दिस घोडीवर हुतो. त्यातलं कंचं पाच दिस सोडू? कंची भिंत सोडू?"

भावांनो, ह्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही नाही. मी त्याला गणित सांगत होतो, तो मला भिंत विचारत होता. शेवटी मीच त्याला पटवलं. खरं बोलायचं तर पटवलं नाही, दमवलं. मला घाई होती, मुदत संपत होती, आणि मला वाटत होतं आपण जिंकलेलं एकदा तरी बघावं. चार हजार मी सोडायला लावले. हे मी इथं सगळ्यांसमोर सांगतो, कारण उद्या तुमच्यातला कुणीतरी आपल्या आईबापाला असाच दमवणार आहे. दमवायच्या आधी दोन रात्री विचार करा.

वकिलाचं काय केलं? इथं कान उघडे ठेवा, आजच्या भाषणातली कामाची गोष्ट हीच आहे. १९७६ साली घटनेत ३९-अ हे कलम आलं. गरिबीमुळं कुणाला न्याय नाकारला जाऊ नये, म्हणून राज्यानं फुकट कायदेशीर मदत द्यावी, असं त्यात लिहिलंय. मग १९८७ चा विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला आणि १९९५ च्या नोव्हेंबरात तो लागू झाला. त्याचं कलम १२ पाठ करा. अनुसूचित जाती आणि जमातीच्या माणसाला, बाईला, मुलाला, औद्योगिक कामगाराला फुकट वकील मिळतो. ह्यांना उत्पन्नाची अट नाही. पुन्हा सांगतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. कोर्ट फीचाही भार ह्या मदतीत उचलला जातो. जिल्ह्याला प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे. तिथं अर्ज करायचा.

आम्ही एका कचेरीत गेलो तर तिथला कारकून म्हणतो, "जातीच्या दाखल्यावर तर बौद्ध लिहिलंय, मग एससी कसे?" मी त्याला सांगितलं, साहेब, १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली, बौद्धांना अनुसूचित जातीच्या यादीतल्या सवलती मिळाल्या, पंचवीस वर्षं झाली. तो म्हणाला, बघावं लागेल. मी म्हटलं, बघा, आम्ही बसतो. आणि आम्ही बसलो. दुपारी दोन वाजता त्याला दिसलं. ह्या कचेऱ्यांमध्ये वाद घालण्यापेक्षा बसून राहण्यानं जास्त कामं होतात. सोबत नियमाचा कागद मात्र पाहिजे.

वकीलबाई मिळाल्या. तरुण होत्या. त्यांनी चिठ्ठी उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, "हे कुणी लिहून घेतलं?" बाप म्हणाला, "म्या." बाई म्हणाल्या, "मग अर्धं काम तुम्हीच केलंय." बापाचा चेहरा मी तेव्हा बघितला. अठरा दिवसांच्या कामाचं कौतुक त्याला तिथं मिळालं.

आधी नोटीस गेली. उत्तर नाही. मग सप्टेंबर २०१५ मध्ये दावा दाखल झाला, मुदत संपायला दोन महिने असताना. समन्स घेऊन बेलिफ दुकानात गेला. दुसऱ्याच दिवशी दुकानदाराचा माणूस वस्तीत. "कोर्टात कशाला जायचं, घरचीच माणसं आहोत." तीन वर्षं आम्ही तुम्ही लोक होतो. समन्स आल्यावर एका रात्रीत घरचे झालो.

तारखा पडत गेल्या. त्याचा वकील मुदत मागायचा. बापाचा प्रत्येक तारखेला एक रोज बुडायचा. आई म्हणायची, बस करा आता. दीड वर्ष गेलं. २०१७ मध्ये प्रकरण लोकअदालतीत ठेवलं. लोकअदालत म्हंजे समजुतीनं मिटवायची जागा. तिथं मिटलं तर त्या निवाड्याला डिक्रीचं बळ असतं, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. दुकानदार म्हणाला, सात हजार देतो. सगळ्यांनी बापाकडं बघितलं. बाप उठून उभा राहिला. उभं राहायची गरज नव्हती, तरी राहिला. म्हणाला, "चार आधीच सोडल्यात. आता भिंत उरली न्हाय सोडायला."

दहा हजार ठरले. दोन हप्त्यांत मिळाले.

आता तुम्हाला वाटेल, इथं टाळ्या वाजवाव्यात. थांबा. त्या दहा हजारांचं काय झालं ते ऐका. रंगवाल्याची उधारी फेडायला बापानं पतपेढीवाल्याकडं न जाता एका सावकाराकडून पैसे उचलले होते. चार वर्षं व्याज भरत होता. दहा हजार एका हातानं आले आणि दुसऱ्या हातानं गेले. घरात आलं काय? एक कागद. त्यावर बापाचं नाव आणि नावापुढं लिहिलेलं, वादी. तो कागद आता रेशनकार्डाच्या पिशवीत आहे. आणि बाप आजही अधूनमधून मला विचारतो, "त्यो चार हजार कुनाच्या खात्यावर लिवलं रं?"

आपल्यातले काही कडक साथी मला म्हणतात, हे काय सुधारकी बोलणं चाललंय? कोर्ट त्यांचं, कायदा त्यांचा, न्यायाधीश त्यांचा. दहा हजार मिळवून व्यवस्था बदलते का? नाही बदलत. मी कुठं म्हणतो बदलते? पण मला सांगा, आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घराचे कुणाकडं ना कुणाकडं पाच, आठ, बारा हजार अडकलेले आहेत. कंत्राटदाराकडं, मॅडमकडं, मंडपवाल्याकडं, घर सोडताना डिपॉझिट दाबून बसलेल्या मालकाकडं. हे सगळे दाबणारे एका भरवशावर जगतात. त्यांना ठाऊक असतं की रक्कम एवढी छोटी आहे की हा कोर्टात जाणार नाही, आणि एवढी मोठी आहे की हा तीन वर्षं मागं फिरत राहील. आपल्या छोट्या छोट्या बुडालेल्या पैशांवर ह्या शहरातले कितीतरी धंदे उभे आहेत. तो भरवसा मोडणं हे क्रांतीचं काम नाही म्हणता? मग क्रांतीनंतर कुणी मोडायचा?

तर आता कामाला लागू. लिहून घ्या.

एक. काम घेताना चिठ्ठी. रक्कम, तारीख, सही. मालक लिहून देत नसेल तर मोबाइलवर मेसेज पाठवा, "साहेब, एवढे ठरले, बरोबर ना?" त्याचं "हो" आलं की तो मेसेज पुसू नका. मोबाइल बदललात तरी जपून ठेवा.

दोन. तीन वर्षं. भिंतीवर लिहून ठेवा. मुदत संपायच्या आत मालकानं "एवढे देणं आहे" असं लिहून सही करून दिलं तर त्या दिवसापासून मुदत नव्यानं सुरू होते. तोंडी "देतो, देतो" म्हटल्यानं एक दिवसही वाढत नाही.

तीन. प्रत्येक पैशाला दिवाणी दावाच लागतो असं नाही. मजुरी थकली असेल तर मजुरीच्या कायद्याखालचा अधिकारी असतो, तिकडं आधी जा. २०१९ च्या वेतन संहितेत मागणीच्या दहापटीपर्यंत नुकसानभरपाई आणि अर्जाला तीन वर्षांची मुदत लिहिलेली आहे. तुम्ही पैसे मोजून वस्तू किंवा सेवा घेतली आणि फसलात, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोजलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथं चालते, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. बघा, गिऱ्हाइकासाठी कायद्यानं पन्नास लाखांचं दार उघडलं. काम करणाऱ्यासाठी दहा हजारांचं.

चार. डिक्री म्हंजे पैसे नव्हेत. निकाल तुमच्या बाजूनं लागला आणि तरी समोरच्यानं दिले नाहीत, तर वसुलीची दरखास्त वेगळी करावी लागते. त्याला बारा वर्षांची मुदत आहे. म्हणून दावा लावायच्या आधी समोरच्याचं दुकान कुठं, बँक कुठली, गाडी कुणाच्या नावावर, एवढं बघून ठेवा.

पाच. एकट्यानं जाऊ नका. तारखेला सोबत दोघं जा. बोलायला नाही, नुसतं बसायला.

आणि शेवटची गोष्ट मागणीची आहे. आपली संघटना मोर्चे काढते, निवेदनं देते. पुढच्या निवेदनात हे कलम घाला, की मुंबईच्या लघुवाद न्यायालयाची पैशाच्या दाव्याची हद्द दहा हजारांवरून वाढवा. किती करा? माझं म्हणणं, आकडा वकिलांना विचारून ठरवू नका. नाक्यावर जा. रंगाऱ्याला, गवंड्याला, धुण्याभांड्याच्या बाईला, मंडपवाल्याला विचारा, तुझे जास्तीत जास्त किती बुडाले? त्यातला सगळ्यात मोठा आकडा निवेदनात लिहा. जी हद्द बुडवणाऱ्याची, तीच हद्द कोर्टाची.

तो मंडपवाला पोरगा तिकडं दाराशी बसलाय. त्याला सांगतो, तू एक हजारानं मेलेला नाहीस. तुझं काम कधी संपलं ते सांग, तारीख मोजू. एक हजार सोडायचा की मोठ्या कोर्टात जायचं, हे तुझं तू ठरव, मी तुला दमवणार नाही. सोमवारी सकाळी अकरा वाजता आपण विधी सेवेच्या कचेरीत जाऊ. चिठ्ठी असेल तर आण. नसेल तर मोबाइल आण.

आणि बसायची तयारी ठेवून ये.

जय भीम.